बंगला विकायचाय आणि पुढचं लॉन गेलंय: डागडुजी, नवं शीट की प्लास्टिकचं गवत?

मावशी लेकीकडे पुण्याला गेली आणि तिचा नाशिकचा बंगला आठ महिने बंद राहिला. विकायला काढला तेव्हा एजंट फाटकातून आत आला आणि घराकडे न बघताच म्हणाला, "आधी हे गवताचं काहीतरी करा. पार्टी गाडीतून उतरली की पहिलं हेच दिसणार."

पुढचं अंगण साधारण हजार स्क्वेअर फुटांचं. कुंपणालगत हिरवं, मधे पिवळं, आंब्याखाली नुसती माती, आणि सगळीकडून डोकं वर काढलेला लव्हाळा. आहे ते सावरायचं, सगळं खणून नर्सरीतल्या तयार गवताची नवी शीट टाकायची, की प्लास्टिकचं अंथरून मोकळं व्हायचं? मी तिन्हींची चौकशी केली. पहिल्या दोन गोष्टी थोड्याथोड्या करून बघितल्या, तिसरी शेजारच्या बंगल्यात रोज दिसत होती. माझं मत आधीच सांगतो: अर्ध्याहून जास्त लॉन जिवंत असेल तर डागडुजीसारखं काही नाही. पण जिवंत आहे की नाही, हे रंगावरून ठरवू नका.

आधी मूठभर ओढून बघा

पिवळ्या भागातलं गवत मुठीत धरा आणि ओढा. मातीत घट्ट राहिलं, पातीच तुटली, तर ते तहानलेलं आहे, मेलेलं नाही. जमिनीलगतचं एखादं आडवं खोड नखाने सोलून बघा. आतून पांढरट हिरवं निघालं तर पाण्याने परत येईल. आपल्याकडच्या बहुतेक लॉनमधली गवतं हरळीच्या कुळातली किंवा तिच्याच स्वभावाची. हरळी किती चिवट ते शेतकऱ्याला विचारा.

पण गवताचा पुंजका गालिच्याच्या कोपऱ्यासारखा अलगद वर आला तर खाली मुळंच नाहीत. माती उकरा, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळलेली पांढुरकी अळी सापडेल. ती हुमणी. वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे कडुलिंब-बाभळीवर जमतात आणि पावसाळाभर अळ्या मुळं खातात. हुमणीने खाल्लेल्या तुकड्यावर खत-पाणी म्हणजे पैसे मातीत. तिथे अळ्या वेचून, बंदोबस्त करून नवं गवतच लावावं लागतं.

आमच्याकडे मधला पिवळा पट्टा ओढून निघेना. दहा दिवस नियमित पाणी दिलं तेव्हा खालून हिरवे कोंब दिसायला लागले. तिथे अर्धा निर्णय झाला.

डागडुजी: स्वस्त, पण सहा आठवडे हवेत

वाढलेलं गवत एकदम खाली उतरवायचा मोह होतो. आमच्या माळीबुवांनी ब्रश कटर आणला आणि मी थांबवेपर्यंत एक पट्टा पार जमिनीला लावला. दुसऱ्या दिवशी तो पट्टा वाळक्या काड्यांचा दिसत होता, कारण हिरवी पानं वरच्या थरातच असतात. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायचं नाही, चार-पाच दिवसांनी पुन्हा, असं करत दीड-दोन इंचांवर आणायचं. ब्रश कटरपेक्षा मोवर बरा. कटरने लाटा उठतात आणि त्या फोटोत दिसतात.

मग युरिया. हजार स्क्वेअर फुटांना एक किलो पुरे. पानं कोरडी असताना सारखा फेकायचा आणि लगेच भरपूर पाणी. ओल्या पानांवर फेकला तर दाणे पात्यांना चिकटतात आणि जिथे चिकटतात तिथे जळतं. आठ-दहा दिवसांत रंग फिरतो. पुढचा हप्ता महिन्याने. घाईघाईत दुप्पट टाकणारे बघितलेत, त्यांच्या लॉनवर मुठीच्या आकाराचे जळके ठिपके पडतात.

युरियानेही कोवळी पानं पिवळीच राहिली आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर लोहाची कमतरता समजा. चुनखडीच्या काळ्या जमिनीत हे नेहमीचंच. हिराकस (फेरस सल्फेट), लिटरभर पाण्याला पाच ग्रॅम, संध्याकाळी फवारायचा. तीन-चार दिवसांत गवत असं गर्द होतं की फोटो काढावासा वाटतो. इथे मी माती खाल्ली. फवारणी कडेपर्यंत नेली आणि पायवाटेच्या शहाबादी फरशीवर तुषार उडाले. सकाळी फरशीभर गंजाचे तांबूस डाग. ते घासून काढायला लॉनपेक्षा जास्त दिवस लागले. फरशीवर आधी जुनी चादर किंवा पोती अंथरा, किंवा कडेचा हातभर पट्टा सोडून द्या.

लव्हाळ्याबाबत खरं ते सांगतो. वरून उपटला की गाठ खाली राहते आणि आठवड्यात तो पुन्हा लॉनच्या वर बोटभर आलेला असतो. खुरप्याने गाठीसकट काढायचा, आठवड्याला एकदा, तीन-चार वेळा. उसात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन नावाचं तणनाशक वापरतात, पण त्याने लव्हाळा हळूहळू पिवळा पडत मरतो. ऐन पार्टी येण्याच्या आठवड्यात फवारलंत तर हिरव्यात लपलेला लव्हाळा पिवळा होऊन उलट उठून दिसेल. वेळ कमी असेल तर खुरपंच बरं.

सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक मात्र कडांनी पडला. गवत फरशीवर वीतभर चढलं होतं. सपाट फावड्याने दोरी लावून सरळ रेषेत कापलं, मागे चार बोटांची चर ठेवली. एका दुपारचं काम. लॉन तेव्हा अजून पिवळंच होतं, तरी मावशीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "अरे, एवढ्यात हिरवं झालं पण?"

नवी शीट: तीन आठवड्यांत हिरवं, पण पाण्याचा हिशेब करा

अर्ध्याहून जास्त गेलंय, किंवा हातात महिनाच आहे, तर शीट. नर्सरीतून मातीसकट कापलेले तुकडे येतात. नाशिकला मिळतातच, पुण्याकडच्यांना उरुळीकांचनच्या नर्सऱ्या आहेत. जुनं गवत खणून काढायचं, लव्हाळ्याच्या गाठी वेचायच्या, पोयटा आणि कुजलेलं शेणखत मिसळायचं, उतार घरापासून लांब ठेवून सपाट करायचं, मगच शीट. जुन्या गवतावरच शीट अंथरून देणारे ठेकेदार भेटतात. भाव कमी सांगतात, पण महिन्याभरात खालचा लव्हाळा वर येतो. अर्थात घर तोवर विकलं गेलं तर तो दुसऱ्याच्या डोक्याला ताप, हे मला एकाने हसत सांगितलं. त्याला काम दिलं नाही.

शीट ट्रकमधून उतरली की त्याच दिवशी लागली पाहिजे. ढिगात एकावर एक राहिली तर आतून गरम होऊन पिवळी पडते. मुळं धरायला दोन ते तीन आठवडे. तोवर सकाळ-संध्याकाळ पाणी आणि चालणं बंद. यात गोची अशी की नेमकं तेव्हाच घर बघायला लोक येतात. शेजारच्या गल्लीत दहा दिवसांच्या शीटवर पार्टीचा लहान मुलगा धावला, शीट त्याच्या पायाखालून सरकली आणि पोरगं आपटलं. मुलाला काही झालं नाही, पण सगळ्यांनी खाली वाकून लॉनकडे निरखून बघितलं. घर विकताना ते नको असतं.

पाण्याचं गणित सोपं आहे: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हजार स्क्वेअर फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज पाचेक मिलिमीटर धरलं तरी साडेचारशे लिटरच्या वर जातं. दहा हजार लिटरचा टँकर तीन आठवडेच पुरतो. बोअर आटलेली असेल तर एप्रिलमधे शीटच्या भानगडीत पडू नका.

गवताची जात जुळवा. पातळ पानाच्या बर्म्युडामधे मेक्सिकनचे चार तुकडे घातले तर ठिगळच दिसतं. थोडीच जागा भरायची असेल तर शीट न आणता आपल्याच लॉनच्या मागच्या कोपऱ्यातून तुकडे कापून पुढे लावा आणि मागे माती राहू द्या. आम्ही तेच केलं. फुटवे टोचून लावणं सर्वांत स्वस्त, पण भरून यायला दोन-तीन महिने जातात. विकणाऱ्याकडे एवढी सवड क्वचितच असते.

प्लास्टिकचं गवत: गच्चीवर झकास

दोन दिवसांत काम होतं, पाणी नको, माळी नको, फोटोत बारा महिने हिरवं. पैसे मात्र खऱ्या लॉनपेक्षा बरेच जास्त, त्यात खाली कच आणि खडी दाबून पाया नीट केला नाही तर पहिल्याच पावसात खळगे पडतात. शेजारी दोन रोलमधला जोड फाटकातून सरळ दिसायचा. आणि दुपारी बारानंतर त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा. उन्हात ते साठ अंशांपर्यंतही तापतं, खरं गवत हाताला गारच लागतं. आपल्याकडे दुपारीच घरं दाखवली जातात.

माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. नाशिक असो की पुणे, बंगला घेणारा पहिल्या पाच मिनिटांत पाण्याचं विचारतो: बोअर किती फूट, नळाला किती वेळ, टँकर लागतो का. दारातच प्लास्टिकचं गवत दिसलं की त्याच्या मनात उत्तर आधीच तयार होतं. शेजाऱ्यांच्या बोअरला बख्खळ पाणी होतं, तरी त्यांना प्रत्येक पार्टीला ते पटवून द्यावं लागायचं. जिवंत, थोडं पिवळसर लॉनही पाणी असल्याची साक्ष देतं. गच्चीवर किंवा बाल्कनीत मात्र खुशाल टाका, तिथे कोणी शंका घेत नाही.

आंब्याखालच्या जागेचं वेगळं आहे. भर सावलीत बर्म्युडा टिकत नाही, शीट टाकलीत तरी दोन महिन्यांत पातळ होते. आम्ही तिथे गवताचा नादच सोडला. विटांचं गोल आळं केलं, आत वाळका पाला आणि गोटे, कडेला चार कुंड्या. बघणाऱ्याला वाटलं आधीपासूनच तसं होतं.

कधी सुरू करायचं?

गिऱ्हाईक पितृपक्षात फिरकत नाही आणि दसरा-दिवाळीला गर्दी करतं. लॉनलाही हेच वेळापत्रक मानवतं, पावसाळ्याच्या शेवटी ते सर्वांत जोमात असतं. पितृपक्षाच्या आधी महिनाभर खुरपणी आणि कापणी सुरू केलीत तर दसऱ्याला तयार. गुढीपाडव्यासाठी मात्र जरा अवघड. नाशिकच्या थंडीत पारा दहाच्या खाली जातो, डिसेंबर-जानेवारीत गवत झोपलेलं असतं, युरिया टाकून ते उठत नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर ऊन चढलं की हात घाला. थंडीतच विकायचं असेल तर हिरव्या रंगामागे धावू नका, कडा कापा, पाला गोळा करा आणि दिवाळीच्या सुमाराला काढलेले फोटो जाहिरातीत लावून खाली महिना लिहा.

घर दाखवायच्या दोन दिवस आधी मोवर फिरवा, म्हणजे कापलेली टोकं वाळून पांढुरकी दिसायची थांबतात. पाणी आदल्या दिवशी सकाळी. दाखवायच्या दिवशी दिलंत तर बायकांच्या सँडल रुततात आणि तोच चिखल मावशीच्या दिवाणखान्यात येतो.