आपोआप डायल होणे बंद केले, त्यानंतरचे काही महिने

ही नोंद डायल-अपच्या, म्हणजे संगणकाने मोडेमवरून टेलिफोन नंबर फिरवून इंटरनेट जोडण्याच्या काळातली आहे. आमच्या घरी विंडोज एक्सपीचा संगणक, ५६ केबीपीएसचा मोडेम आणि टेलिफोनची एकच लाइन आहे. संगणक न विचारता डायल करू लागला की इकडे पल्स (टेलिफोन बिलाची एकके) पडत राहतात आणि बाहेरून फोन करणाऱ्याला तासन्‌तास एंगेज टोन ऐकावा लागतो. म्हणून हा प्रकार मी काही महिन्यांपूर्वी पूर्ण बंद केला.

जो तो सुचवतो तो उपाय म्हणजे इंटरनेट ऑप्शन्समधील कनेक्शन्स या टॅबवर 'नेव्हर डायल अ कनेक्शन' निवडणे. तो करावाच, पण तेवढ्याने भागत नाही, कारण ही निवड मुख्यतः इंटरनेट एक्सप्लोरर आणि त्याच्या आधाराने चालणारे प्रोग्रामच पाळतात. एक्सपीत याखेरीज 'रिमोट अ‍ॅक्सेस ऑटो कनेक्शन मॅनेजर' नावाची सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा विंडोजचा प्रोग्राम असतो. एखाद्या प्रोग्रामने मागितलेला पत्ता जोडणीअभावी मिळाला नाही की ती मध्ये पडते आणि डायल करायला लावते. पूर्वी कोणते पत्ते कोणत्या जोडणीवरून उघडले होते, याची नोंदही तिच्याकडे असते. मग अँटीव्हायरस असो, घड्याळ जुळवून घेणारी विंडोजची सोय असो, की ठरावीक वेळाने ई-मेल तपासणारे आउटलुक एक्सप्रेस असो, निमित्त कोणाचेही चालते.

स्टार्ट, रन, तेथे 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' टाइप केले की यादी उघडते. या सर्व्हिसला नुसते 'स्टॉप' करणे व्यर्थ आहे. ती मूळची 'मॅन्युअल'वर असल्याने गरज पडताच पुन्हा सुरू होते. स्टार्टअप टाइप 'डिसेबल्ड'च करावा लागतो. मात्र यादीत तिच्या लगेच खाली, नावात 'ऑटो' नसलेली जुळी सर्व्हिस असते. तिला हात लावला तर आपण स्वतःही डायल करू शकणार नाही.

डायलच्या खिडकीत पासवर्ड साठवून न ठेवणे हा माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा बंदोबस्त आहे, कारण माणूस समोर नसेल तर पुढे काही घडतच नाही.

गैरसोय एकच, पण मोठी आहे. अँटीव्हायरस आता आपणहून ताजा होत नाही. आठवड्यातून एकदा मुद्दाम जोडणी करून त्याच्यासमोर बसावे लागते आणि या मोडेमवर एक एमबी उतरायला सहज साडेतीन-चार मिनिटे जातात.

मोडेमचा कर्कश आवाज बरेच जण बंद करून टाकतात. मी तो चालूच ठेवला आहे, म्हणजे संगणक न विचारता डायल करू लागला तर लगेच कळते. परदेशी नंबर फिरवणारे लबाड डायलर प्रोग्राम वरची कोणतीही सेटिंग जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी टेलिफोनलाच आयएसडीचे (परदेशी कॉलचे) कुलूप लावून घेतले आहे.