भिंतीतलं कुत्र्याचं दार: दार बरं, गौंडी लाखमोलाचा

शहापूरला आमचं जुनं घर, चिऱ्याच्या भिंतींचं. आमच्या कुत्रीला, चिंगीला, रात्री दोन-तीनदा परसात जायचं असतं म्हणून सासूबाई गुडघे धरत उठून कडी काढायच्या, बघवायचं नाही. मागचं दार सागवानी, सासऱ्यांनी हौसेनं करून घेतलेलं, त्याला भोक पाडायला कुणाचंच मन होईना, मग भिंतीतूनच करायचं ठरलं आणि ऑनलाइन मागवलं. दोन्हीकडे झडप, मध्ये ॲल्युमिनियमचा बोगदा, झडपेला खाली लोहचुंबक.

अडचण पार्सल उघडल्यावरच आली. बोगदा ताणून ताणून दहा इंच आणि आमची भिंत प्लास्टर धरून पंधरा! नऊ इंची विटेची भिंत असती तर बसलं असतं. फोन केला तर "सगळ्या भिंतींना चालतं मॅडम" एवढंच. आमच्याकडं चिऱ्याची जुनी घरं किती आहेत, विकताना जाडी विचारायला काय जातं? एक स्टार इथंच कापला.

गौंडी मात्र वडगावचे मिळाले आणि काम निभावलं. आल्या आल्या छिन्नी घेतली नाही, आधी चिंगीला उभी करून टेप लावला. म्हणाले, "अक्का, झडपेची खालची कड हिच्या पोटाच्या खाली पाहिजे, रोज उड्या मारून म्हातारपणी कंबर धरंल की." मग स्विचबोर्डची वायर भिंतीतून कुठनं गेलीय ते बघितलं, वर खाच पाडून दोन लोखंडी अँगल सरकवले, सिमेंट धरल्यावरच खालचा चिरा काढला. बोगदा कमी पडला तिथं कडप्पा बसवला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तळाला बाहेरच्या अंगाला अर्धा इंच उतार दिला. शेवटी तांब्याभर पाणी आत ओतून दाखवलं, एक थेंब आमच्याकडं आला नाही, सगळं परसात. बाहेर चारी बाजूनं सिलिकॉन भरलं, वर पत्र्याचा छोटा छज्जा. आपल्याकडचा जुलैचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, हे त्या कंपनीच्या पुस्तकात कुठं असणार?

चिंगी पहिले चार दिवस नुसती वास घेऊन मागं यायची. झडप दोरीनं वर बांधून ठेवली, पलीकडनं दुधात भिजवलेली भाकरी दाखवली, पाचव्या दिवशी नाकानं ढकलून गेली बाई!

तक्रार एकच राहिली, बाहेरच्या झडपेचं चुंबक हलकं आहे. जोराचा वारा सुटला की फटफट वाजते, आतली झडप मात्र घट्ट बसते म्हणून खोलीत गार वारा येत नाही. दाराला तीन स्टार, गौंड्यांना पाच. मजुरी दारापेक्षा जास्त गेली पण यंदा अख्खा पावसाळा भिंतीला ओल धरली नाही, आणि सासूबाई सकाळपर्यंत झोपतात. घेणार असाल तर आधी खिडकीपाशी पट्टी लावून भिंत किती जाड आहे ते मोजा, मगच ऑर्डर टाका.