इंदूरमधला ‘परवानगीसकट’ झाडतोडीचा ठेका: कशाचे पैसे द्यावेत, कशाचे नाहीत

निगमची (महापालिकेची) परवानगी, कापणी, बुंधा काढणं आणि लाकूड उचलणं, या सगळ्याची एकच रक्कम सांगणारे ठेकेदार इंदूरात सहज मिळतात. यातल्या कापणीचे पैसे जरूर मोजावेत, कारण ते काम घरच्या माणसाचं नाही. परवानगी मात्र मालकाने स्वतःच काढावी.

मध्य प्रदेशात शहरी भागातल्या झाडांच्या रक्षणासाठी 2001 सालचा कायदा आहे आणि तो खासगी आवारालाही लागू होतो. आपल्याच अंगणात आपणच लावलेलं झाड पाडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ‘अर्ज टाकलाय, उद्या सुरू करू’ असं ठेकेदार म्हणाला तर काम थांबवा. अर्जाची पोच हातात आली म्हणून करवत लावता येत नाही. नंतर चौकशी झाली की जागेचा मालकच सापडतो, ठेकेदार तोवर दुसऱ्या कॉलनीत असतो.

अर्ज फार अवघड नाही. मालकीचा कागद, झाडाची जात, जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर मोजलेला घेर, घर आणि झाड यांतलं अंतर दाखवणारं साधं रेखाचित्र आणि चारही बाजूंचे फोटो जोडावेत. रामबाग, नारायण बागेसारख्या जुन्या वस्तीत घर भावाभावांत वाटलेलं असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आधी घ्या. एका काकांची हरकत आली तरी फाइल अडते. कंपाउंडच्या बाहेरचं झाड सार्वजनिक. रोज पाणी तुम्ही घातलं असलं तरी ते खासगी माणसाकडून तोडून घेता येत नाही.

पाहणीत कारण टिकलं पाहिजे. ‘पाला फार पडतो’ यावर कोणी झाड पाडू देऊ नये, आणि ते बरोबरच आहे. खोडातली पोकळी, बुंध्याजवळ उगवलेली बुरशी, अलीकडे वाढलेला कल, कललेल्या बाजूच्या विरुद्ध अंगाला उचललेली माती: ही खरी धोक्याची चिन्हं, आणि ती फोटोत दिसायला हवीत. वादळात झाड घरावर झुकलं असेल तर फोटो काढून त्याच दिवशी लेखी कळवा.

‘लाकूड आमचं, म्हणून दर कमी’ हा सौदा आम्हाला सगळ्यात घातक वाटतो. लाकूड ज्याला न्यायचंय तो छाटणीने भागत असलं तरी पाडायलाच सांगणार. छाटणीचा आणि तोडीचा दर वेगवेगळा लिहून घ्या.

कामाची पारख पहिल्याच जाड फांदीवर होते. जाणकार माणूस खोडापासून फूटभर अंतरावर खालून तिसऱ्या हिश्शाइतका काप देतो, मग थोडं पुढे वरून कापून फांदी उतरवतो आणि राहिलेला खुंट खोडाजवळच्या फुगवट्याच्या बाहेरून काढतो. खालचा काप चुकवला की फांदी पडताना साल खोडापर्यंत सोलत नेते आणि तिथूनच कूज सुरू होते. शेंडा सरसकट उडवणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलावू नका. नवे फुटवे खोडाला वरवर धरलेले असतात, दोन-चार वर्षांत जड होऊन तेच मोडतात. गुलमोहराचं लाकूड मुळातच ठिसूळ, त्यावर हा प्रकार फारच महाग पडतो. तारांजवळ वीज कंपनीने पुरवठा बंद केल्याशिवाय कोणालाही वर चढू देऊ नये.

ठेकेदार सहसा बोलत नाहीत अशी एक गोष्ट इंदूरच्या काळ्या मातीची. मोठं झाड वर्षानुवर्षं पायाजवळची ओल शोषत असतं. ते काढलं की पुढच्या पावसात माती पाणी धरून फुगते आणि ज्या भिंतीसाठी झाड पाडलं तिलाच तडे जाऊ शकतात. पायाला चिकटून मोठं झाड असेल तर आधी इमारतीच्या इंजिनिअरला दाखवा.

परवानगीच्या पत्रात बदली झाडं लावण्याची अट असते. ती ठेक्याच्या रकमेत धरलेली नसते, आणि पाळायची मालकालाच. सागवान असेल तर लाकूड बाहेर नेण्यासाठी वनखात्याचा वाहतूक परवाना वेगळा लागतो. तो हातात येईपर्यंत ओंडके आवारातच ठेवा.