सिएटलचे ॲमेझॉन स्फिअर्स: ऑफिसमध्ये झाडं लावायची तर अशी लावा

स्फिअर्समध्ये डेस्क नाहीत, केबिन नाहीत, बंद मीटिंग रूमसुद्धा नाहीत. ॲमेझॉनच्या सिएटलमधल्या हेडक्वार्टरच्या मधोमध काचेचे तीन मोठे गोल एकमेकांना चिकटून उभे आहेत, आत 40 हजार झाडं, आणि त्या झाडांमधून वाट काढत कंपनीची माणसं लॅपटॉप, कॉफी घेऊन बसायला येतात. जानेवारी 2018 मध्ये उघडलं, डिझाइन एनबीबीजे या सिएटलच्याच आर्किटेक्ट फर्मचं. आईबाबा इकडे आले होते म्हणून त्यांना घेऊन पब्लिकसाठी उघडं असतं त्या शनिवारी गेले, आणि मी स्वतः इंटिरिअरमध्ये काम करते त्यामुळे जरा बारकाईने बघितलं.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे इथे आधी झाडांचा विचार केलाय आणि मग माणसाला कुठे बसवायचं ते ठरवलंय. बाकी कॉर्पोरेट ऑफिसात बरोब्बर उलटं असतं, एसी माणसाच्या हिशोबाने, लाइट माणसाच्या हिशोबाने आणि शेवटी बजेट उरलं तर रिसेप्शनच्या मागे एक ग्रीन वॉल. मी एका ऑफिसचं काम केलं होतं तिथे भिंतीतली झाडं दर दोन-तीन महिन्यांनी मरायची, कंत्राटदार रात्री येऊन नवीन खोचून जायचा आणि क्लायंट खूश. ते बघून मला अक्षरशः वाईट वाटायचं.

इथे दिवसा तापमान साधारण 22 अंश आणि हवेत 60 टक्के ओलावा ठेवतात, म्हणजे माणूस आरामात बसू शकेल इतपत. रात्री माणसं गेली की 13 अंशांपर्यंत खाली आणतात आणि ओलावा 85 टक्क्यांवर नेतात, म्हणजे रात्र पूर्ण झाडांची. झाडंही त्या हिशोबाने निवडलेली आहेत, सखल भागातल्या गरम जंगलांतली नाहीत तर उंच डोंगरातल्या ढगाळ जंगलांतली, त्यांना गारवा आणि धुकं लागतं. सखल जंगलातली झाडं ठेवली असती तर माणसं अर्ध्या तासात घामाघूम झाली असती. पावसाळ्यात आंबोलीला गेलं की खोडांवर शेवाळ आणि नेचे चढलेले दिसतात ना, आत शिरल्यावर पहिला वास अगदी तसाच येतो.

चार मजले उंच हिरवी भिंत आहे, तिच्यात सुमारे 25 हजार झाडं आहेत. लांबून फोटो सगळेच काढतात पण तुम्ही जवळ जा, नाक लावून बघा. नेच्यांच्या मधून बेगोनियाची लव असलेली पानं, नखाएवढी ऑर्किडं, मधेच घटपर्णीचे लोंबते पेले. एकही जागा मोकळी नाही आणि तरी गर्दी वाटत नाही, कारण पानांचे आकार आणि हिरव्याच्या छटा विचार करून शेजारी शेजारी लावल्या आहेत. झाडं आधी गावाबाहेरच्या ग्रीनहाउसमध्ये वाढवून मग इथे आणली, म्हणूनच ती रुळलेली दिसतात. आईला अर्धी झाडं ओळखीची निघाली, मोठ्या पानांचे फिलोडेंड्रॉन बघून म्हणाली "अगं हे तर आपल्या अळूच्याच घरातलं", आणि खरंच तेच कूळ आहे. 2018 मध्ये इथे ते जगातलं प्रचंड मोठं, घाण वास येणारं फूल उमललं होतं ते तर आपल्या सुरणाच्या सख्ख्या नात्यातलं, हे सांगितल्यावर बाबाही थांबून बोर्ड वाचायला लागले.

रुबी नावाचं फायकसचं झाड आहे, वड-पिंपळाच्या जातीतलं, जवळपास 55 फूट उंच, 1969 पासून कॅलिफोर्नियात वाढलेलं. 2017 मध्ये क्रेनने उचलून वरच्या उघड्या भागातून आत उतरवलं. जिना त्याच्या आजूबाजूने वर जातो त्यामुळे एकच झाड मुळापासून शेंड्यापर्यंत वेगवेगळ्या उंचीवरून दिसतं, ही गोष्ट फार हुशारीने केलीये.

बसायच्या जागा लाकडाच्या, साध्या, वरच्या मजल्यावर तर आरामखुर्च्या. वर लाकडी पट्ट्यांचं घरट्यासारखं एक बैठकीचं ठिकाण आहे, तीन-चार जणांना बोलायला उत्तम. छताचा पांढरा स्टीलचा सांगाडा पंचकोनी आकार फिरवून फिरवून जोडलाय, त्यात 2,643 काचा. आकार वेलीसारखा वळतो त्यामुळे स्टील डोळ्यात खुपत नाही.

आता जे पटलं नाही ते. एका वेळी साधारण 800 माणसं बसतील एवढी जागा, आणि सिएटलमध्ये कंपनीची माणसं हजारोंनी, म्हणजे बहुतेकांचा दिवस शेजारच्या टॉवरमध्येच जाणार. काचेतून एवढा उजेड येतो की स्क्रीनवर नीट दिसणं कठीण, आणि पाठीला आधार देणाऱ्या खुर्च्या कमी, तेव्हा इथे तासभर विचार करायला किंवा गप्पा मारायला यावं, दिवसभर काम करायला नाही. हीच कंपनी सुरुवातीला दाराच्या फळीला पाय ठोकून टेबलं बनवायची, काटकसर म्हणून ते अजून अभिमानाने सांगतात. मला वाटतं त्या टॉवरमधल्या रोजच्या मजल्यांवरही यातला थोडा तरी ओलावा आणि उजेड यायला हवा होता, खर्च करायचाच तर माणूस आठ तास बसतो तिथे करा ना.

तरी पाचपैकी साडेचार, आणि इंटिरिअर शिकणाऱ्या मुलांनी तर जमलं तर जरूर बघावं.

जायचं असेल तर: महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी पब्लिकला सोडतात, फुकट आहे पण ऑनलाइन बुकिंग आधी करावं लागतं आणि स्लॉट पटापट जातात, निघायच्या आधी साइटवर तारीख बघून घ्या. ओळखपत्र जवळ ठेवा. लिफ्ट आहे, बाबांच्या गुडघ्यांना त्रास झाला नाही. कार नेऊ नका, डाउनटाउनचं पार्किंग महाग, लाइट रेलने वेस्टलेकला उतरून चालत जा. आणि हिवाळ्यात जात असाल तर आत शिरताच जॅकेट काढून हातात घ्यावं लागेल आणि चष्म्यावर वाफ धरेल, एक रुमाल ठेवा.