एक्सकेसी-वाय२५: टाकीला भोक न पाडता पाण्याची पातळी

पेढ्याएवढा, २८ मिलीमीटर व्यासाचा हा सेन्सर प्लॅस्टिकच्या टाकीला बाहेरून चिकटवायचा. आतलं पाणी त्याच्यासमोर आलं की दिवा लागतो. इथे टी१२व्ही या प्रकाराबद्दल लिहिलं आहे. पुरवठा ५ ते २४ व्होल्ट डीसी, भिंतीची जाडी १३ मिलीमीटरपर्यंत, उत्तर द्यायला अर्धा सेकंद.

पाण्याचा परावैद्युतांक (विद्युतक्षेत्रात पदार्थ किती भार साठवू देतो याचं माप) ८० च्या आसपास, प्लॅस्टिकचा २-३, हवेचा १. एवढ्या मोठ्या फरकावर हा ओळखतो, म्हणून साध्या पाण्याला उत्तम. डिझेल किंवा तेल त्याला जवळपास हवेसारखंच वाटतं. स्टीलच्या टाकीवर लावायचा विचारही नको.

टाकीच्या दोन कड्यांमधली सपाट जागा शोधा. सेन्सर आणि भिंतीमध्ये हवेची फट राहिली की संवेदनशीलता लगेच घटते. जागा स्पिरिटने पुसून दुहेरी टेप लावा, पण उन्हात टेप सुटतो, त्यामुळे वरून पट्टा आवळायलाच हवा. मग सेन्सरच्या दोन-तीन सेंटीमीटर वर येईपर्यंत पाणी भरून दिवा लागेल एवढाच सेन्सरवरचा संवेदनशीलतेचा स्क्रू फिरवा. पाणी खाली गेल्यावर भिंत आतून ओली असतानाच दिवा विझतो का ते बघा. खरी परीक्षा ही. कोरड्या भिंतीवर जुळवलेला सेन्सर पाणी उतरल्यावरही ‘भरलेली’ म्हणत राहतो. बोअरच्या पाण्याचे क्षार आणि शेवाळ साचलं की तेच होतं, आणि पावसात बाहेरून ओघळ आला तरीही. वर आडोसा करा, पण पत्र्याचा नको; जवळचा धातूही तो पकडतो.

वायरी चार: तपकिरी पुरवठा, निळी ग्राउंड, पिवळी सिग्नल, काळी आउटपुट उलटं करायला. सिग्नल पुरवठ्याइतक्याच व्होल्टचा येतो. ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड ३.३ व्होल्टचा, त्याला ५ व्होल्ट थेट देऊ नका. पिवळी वायर आणि पिन यांच्यामध्ये १० किलोओहमचा आणि पिनपासून ग्राउंडला २० किलोओहमचा रोध लावला की ३.३ च्या आसपास मिळतात. पुरवठा १२ चा असेल तर हे गणित नव्याने करायचं.

वरच्या पातळीसाठी काळी वायर ग्राउंडला जोडा, म्हणजे पाणी दिसलं की सिग्नल शून्य. आता पिवळी कुठे तुटली तर तो २० किलोओहम पिन शून्यावरच धरतो, कंट्रोलरला टाकी भरलेली वाटते आणि मोटर थांबते. काळी मोकळी सोडलेल्या नेहमीच्या जोडणीत तीच वायर तुटली तर पाणी गच्चीभर. सेन्सरच गळून पडला तर मात्र ही युक्तीही कामाची नाही, म्हणून मोटर जास्तीत जास्त किती मिनिटं चालावी याची मर्यादा प्रोग्रॅममध्ये घालाच.

आउटपुट ५० मिलीअँपिअरपर्यंतच. रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) ट्रान्झिस्टरमार्फत आणि मोटर कॉन्टॅक्टरवर (जड प्रवाह सोसणाऱ्या मोठ्या स्विचवर) चालवा. एकाच सेन्सरवर मोटर चालू-बंद केली तर लाटांमुळे रिले खडखडत राहतो. वर-खाली दोन सेन्सर लावा, नाहीतर किमान १० सेकंदांचा उशीर ठेवा.

प्यायच्या पाण्याच्या टाकीत काहीच बुडत नाही, हा याचा मोठा फायदा. क्षारांचं पाणी असेल आणि टाकी वर्षानुवर्षं धुतली जात नसेल, तर दोन-तीनशे रुपयांचा फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच) जास्त भरवशाचा.