नागोयातील जुन्या किस्सातेनमधील सकाळची न्याहारी : आठ-नऊ महिन्यांच्या नियमित वापरानंतर

नोकरीनिमित्त जपानमधील नागोया शहरात राहायला आल्यापासून, म्हणजे गेले आठ-नऊ महिने, मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी घराजवळच्या एका जुन्या किस्सातेनमध्ये सकाळची न्याहारी करतो. किस्सातेन म्हणजे जपानी धाटणीचे कॉफीचे दुकान. हे दुकान 1970च्या दशकात सुरू झाले, आज मूळ मालकाचा मुलगा आणि सून ते चालवतात, आणि रविवारी त्यांची मुलगी मदतीला येते. दुकान लहान आहे आणि त्यातल्या काही गोष्टींबद्दल माझी तक्रारही आहे, म्हणून त्याचे नाव येथे देत नाही. मात्र पुढे जे लिहिले आहे ते नागोया ज्यात येते त्या आइची प्रांतातील अशा बहुतेक दुकानांना कमी-अधिक प्रमाणात लागू पडेल. अशा दुकानांविषयी जे अभिप्राय वाचायला मिळतात ते बहुधा एकदाच जाऊन आलेल्या प्रवाशांचे असतात. त्यांत लाल मखमली खुर्च्यांचे आणि रंगीत काचेच्या दिव्यांचे कौतुक असते, क्वचित ‘पदार्थ सामान्य’ असा शेराही असतो. पदार्थ सामान्य आहेत हे खरे आहे, परंतु हे दुकान नेमके काय विकते हे कळायला नेमाने जावे लागते असे माझे मत झाले आहे.

आधी व्यवहार सांगतो. एका कप कॉफीची किंमत 450 येन, म्हणजे साधारण अडीचशे रुपये. सकाळी सात ते अकरा या वेळात त्याच किमतीत कॉफीबरोबर अर्धा जाड टोस्ट, एक उकडलेले अंडे आणि वाटीभर कोबीची कोशिंबीर मिळते. या प्रथेला ‘मॉर्निंग’ म्हणतात. न्याहारीची वेगळी किंमत लावलेली नसते. तुम्ही फक्त कॉफी मागता आणि ‘मॉर्निंग हवे का?’ एवढेच विचारले जाते. ही प्रथा कोठे सुरू झाली यावर वाद आहे. नागोयाच्या वायव्येचे इचिनोमिया, आइचीतलेच तोयोहाशी आणि दूरचे हिरोशिमा असे तिघेही तिच्यावर हक्क सांगतात. त्यांतली इचिनोमियाची हकिकत मला सर्वांत पटण्यासारखी वाटते. ते कापडगिरण्यांचे गाव. 1950च्या दशकात मागांचा धंदा तेजीत होता आणि मागांच्या खडखडाटात कारखान्यात बसून बोलणे अशक्य असे, म्हणून गिरणीमालक व्यापाऱ्यांना घेऊन शेजारच्या कॉफीच्या दुकानात बसत. दिवसातून अनेकदा येणाऱ्या या गिऱ्हाइकांना दुकानदारांनी सकाळच्या कॉफीबरोबर उकडलेले अंडे आणि शेंगदाणे देण्यास सुरुवात केली. पुढे गिरण्या घटल्या, पण चाल टिकली. कॉफीच्या दुकानांवर घरटी होणाऱ्या खर्चाच्या सरकारी पाहणीत शेजारचे गिफू आणि नागोया ही शहरे वर्षानुवर्षे अग्रभागी असतात, त्यामागे ही सवय आहे.

आता पदार्थांविषयी. टोस्टसाठीचा पाव अख्खा येतो आणि मागणी आल्यावर कापला जातो. काप चांगला बोटभर नव्हे, दोन बोटे जाड असतो. भाजण्याआधी त्यावर सुरीने उभ्या-आडव्या चिरा दिल्या जातात, त्यामुळे लोणी वरच न राहता आत उतरते आणि कडा कुरकुरीत होऊनही गाभा मऊ राहतो. टोस्ट टेबलावर आल्यापासून पाच मिनिटांत खाल्ला पाहिजे, नंतर तो चिवट होतो. फोटो काढण्यात वेळ घालवणाऱ्यांच्या वाट्याला हा चिवट टोस्ट येतो, हे मी रविवारी पुष्कळदा पाहिले आहे. अंडे बरेचदा कोमट आणि कधीकधी जास्त उकडलेले असते. कोशिंबीर नावापुरती असते.

जादा शंभर येन दिले की टोस्टवर गोड अझुकीचा थर येतो, त्याला ओगुरा टोस्ट म्हणतात. अझुकी हे चवळीच्या कुळातले लालसर कडधान्य. ते साखरेत शिजवून दाणे अर्धवट ठेचतात. आपल्या पुरणाची आठवण होते, मात्र यात वेलची-जायफळ नसते आणि दाणा जिभेला लागतो. खाली खारट लोणी, वर हा गोड थर आणि सोबत कडू कॉफी असा तो मेळ आहे. सुरुवातीला मला तो विचित्र वाटला, आता साधा टोस्ट अपुरा वाटतो. हा पदार्थ नागोयाच्या साकाए भागातील एका दुकानात 1921च्या सुमारास, तेथील विद्यार्थी लोणी लावलेला टोस्ट अझुकीच्या गोड रश्शात बुडवून खात असल्याचे पाहून, सुरू झाला असे सांगतात.

येथे काय खाता येईल हे शाकाहारी मराठी मंडळी हमखास विचारतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. साधा टोस्ट, ओगुरा टोस्ट आणि कॉफी यांत सहसा अडचण येत नाही. अंडे नको असल्यास आधी सांगावे लागते, नाहीतर ते ताटलीत येतेच. कोशिंबिरीवरील ड्रेसिंग मात्र भरवशाचे नाही आणि बटाट्याच्या सॅलडमध्ये हॅमचे तुकडे असू शकतात. काही दुकाने मॉर्निंगमध्ये मिसोचे (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे) सूप किंवा चावानमुशी नावाचे वाफवलेल्या अंड्याचे कस्टर्डही देतात. या दोहोंत माशाचा अर्क बहुधा असतोच. कॉफीबरोबर येणारे ‘दूध’ बऱ्याच ठिकाणी वनस्पती तेलापासून केलेली पातळ क्रीम असते. या क्रीमचा सर्वांत प्रसिद्ध ब्रँड नागोयाच्याच एका उद्योगाचा असून त्याचे नाव ‘सुजाता’ आहे, आणि ते गौतम बुद्धांना खीर देणाऱ्या त्याच सुजातेवरून ठेवलेले आहे. आपल्या देशातले नाव इतक्या दूर, कॉफीच्या बशीत, बोटाच्या पेराएवढ्या डबीवर भेटावे याची मला अजून गंमत वाटते.

कॉफी सायफनवर केली जाते आणि काउंटरजवळ बसल्यास ती करताना नीट पाहता येते. खालच्या गोल काचपात्रात पाणी उकळू लागले की वाफेच्या दाबाने ते नळीतून वरच्या पात्रात चढते आणि तेथे कॉफीच्या भुकटीत मिसळते. मास्टर (अशा दुकानाच्या मालकाला सगळे मास्टर म्हणतात) बांबूच्या चपट्या पट्टीने ते दोन-चार वेळा हलवतात, थोडा वेळ थांबतात आणि ज्योत काढून घेतात. खालचे पात्र निवू लागताच कॉफी कापडी गाळणीतून झरझर खाली ओढली जाते आणि वर भुकटीचा छोटा घुमट उरतो. हा घुमट सारखा जमला की ढवळणे बरोबर झाले, असे त्यांनी मला एकदा सांगितले. दिवसअखेरीस ते गाळणी धुऊन पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवतात, कारण कापड वाळले की त्यातला कॉफीचा तेलकट अंश खवट होतो. कॉफीची भाजणी गडद आहे, चव कडू आणि जड. फळांसारखी आंबट छटा असलेल्या आजच्या कॉफीची सवय असलेल्यांना ती जुनाट वाटेल. मला ती आवडते, पण उत्कृष्ट कॉफी पिण्यासाठी म्हणून मी कोणालाही येथे पाठवणार नाही.

मग मी तेथे का जातो, याचे उत्तर भिंतीवरच्या फळीत आहे. नेहमीचे गिऱ्हाईक कॉफीच्या तिकिटांचा ताव विकत घेते. दहा कपांच्या पैशांत अकरा तिकिटे मिळतात. हा ताव घरी न्यायचा नसतो, तो दुकानातच भिंतीला टांगलेला राहतो आणि त्यावर गिऱ्हाइकाचे नाव असते. आपण गेल्यावर मालकीणबाई आपणहून एक तिकीट फाडून घेतात, पाकीट काढण्याची वेळच येत नाही. माझा पहिला ताव लागेपर्यंत मी तेथे ‘परदेशी पाहुणा’ होतो. माझे आडनाव त्यांच्या लिपीत लिहिलेला ताव इतरांच्या रांगेत टांगला गेल्यानंतर शेजारच्या टेबलावरील मंडळी हवामानाबद्दल आणि चुनिचि ड्रॅगन्स या स्थानिक बेसबॉल संघाच्या पराभवांबद्दल माझ्याशी बोलू लागली. अलीकडे मी दार उघडले की ‘नेहमीचेच ना?’ एवढेच विचारले जाते, आणि मी चार-पाच दिवस फिरकलो नाही तर तब्येतीची चौकशी होते. परक्या शहरात एकटे राहणाऱ्या माणसासाठी याचे मोल किती, हे मी वेगळे सांगायला नको.

अर्थात या आपलेपणाला अलिखित नियमही आहेत. काउंटरच्या टोकाची खुर्ची सकाळी साडेसातला एका निवृत्त गृहस्थांची असते, तिच्यावर पाटी नसली तरी तेथे कोणी बसत नाही. वर्तमानपत्रे सर्वांसाठी असतात, पण एका वेळी एकच उचलायचे आणि वाचून पूर्ववत घडी घालून ठेवायचे. एका कपावर तासभर बसण्यास हरकत नसते, रविवारी दाराशी माणसे उभी असतील तर मात्र उठावे, कारण तुम्हाला उठायला कोणीही सांगणार नाही. लॅपटॉप उघडून काम करणारा माणूस मी तेथे पाहिलेला नाही.

तक्रारींत पहिली धुराची. 1 एप्रिल 2020पासून जपानमध्ये उपाहारगृहांत धूम्रपानबंदी आहे. तथापि आधीपासून चालू असलेली, ग्राहकांसाठीची जागा शंभर चौरस मीटरपर्यंत आणि भांडवल पाच कोटी येनपर्यंत असलेली दुकाने दारावर फलक लावून धूम्रपानास मुभा देऊ शकतात. हे दुकान त्या सवलतीत बसते. परिणामी कपड्यांना वास लागतो, आणि वीस वर्षांखालील कोणालाही आत नेता येत नसल्यामुळे मुलेबाळे असलेल्या कुटुंबांना ते बंदच आहे. सकाळी सातला धूर कमी असतो, नऊनंतर वाढतो. भिंतींचा जो पिवळसर रंग छायाचित्रांत ‘रेट्रो’ म्हणून खुलून दिसतो, त्यात पन्नास वर्षांच्या सिगारेटींचा वाटा मोठा आहे, हे रेट्रोप्रेमींनी ध्यानात घ्यावे. स्वच्छतागृह उकिडवे बसण्याचे आणि अतिशय अरुंद आहे. शिवाय मास्टरांचा दवाखाना किंवा घरचे कार्य निघाले की दुकान अचानक बंद राहते, दारावर हाताने लिहिलेला कागद असतो आणि तो वाचण्यासाठी तेथवर जावेच लागते.

मधल्या काळात दर वाढले. 2025च्या सुरुवातीला जगाच्या बाजारात अरेबिका कॉफीचे भाव विक्रमी पातळीवर गेले होते, येन घसरलेला होता आणि 2023मध्ये बर्ड फ्लूमुळे महागलेल्या अंड्यांनी आधीच फटका दिला होता. नवा दर लागू झाल्यावर जुन्या तिकिटांवर कपामागे तीस येन वरचे द्यावेत असा कागद लागला. त्यावर कोणी कुरकुर केली नाही, मालकीणबाईच प्रत्येकासमोर इतक्यांदा वाकून दिलगिरी व्यक्त करीत होत्या की नाणी देताना आपल्यालाच संकोच वाटावा. माझा हिशेब असा की वाढीव दरातही ही न्याहारी नागोया स्थानकातील कोणत्याही साखळी कॅफेपेक्षा स्वस्त पडते, आणि म्हणूनच ती किती काळ परवडेल याची शंका येते. जपानमधील कॉफीच्या दुकानांची संख्या 1981मध्ये सुमारे 1 लाख 54 हजार होती, 2021च्या गणनेत ती साठ हजारांच्या खाली आली. भाडे भरावे न लागणारी, वरच्या मजल्यावर कुटुंब राहत असलेली आणि घरचीच माणसे राबणारी दुकाने टिकून आहेत, कारण त्यांच्या हिशेबात पगार हा रकानाच नसतो. रविवारी येणारी मुलगी एरवी कार्यालयात नोकरी करते आणि पुढे दुकान घेण्याबद्दल विचारले की हसून विषय बदलते.

जाणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी. शनिवार-रविवार सोडून एखाद्या दिवशी साडेसातच्या आत जावे, मात्र बुधवारी सुटी असते, आणि ऑगस्टच्या मध्यात ओबोन या पितरांच्या सणाच्या सुमारास तसेच नववर्षाला दुकान बंद राहते. पैसे रोखीनेच द्यावे लागतात आणि दहा हजार येनची नोट सकाळी पुढे करू नये. पहिल्या खेपेस ओगुरा टोस्ट आणि गरम कॉफी मागवावी, काळीच आधी चाखून पाहावी आणि मग क्रीम घालावी. नागोयात दोन-तीन महिन्यांहून अधिक राहणार असाल तर तिसऱ्या-चौथ्या फेरीतच तिकिटांचा ताव घ्यावा. फक्त एका सकाळीपुरते शहरात असाल आणि धुराचा त्रास होत असेल, तर 1968मध्ये नागोयातच सुरू झालेल्या कोमेदा या साखळीच्या शाखेत जावे. तेथेही कॉफीबरोबर टोस्ट मिळतो, अंड्याऐवजी अझुकीचा पर्याय असतो आणि मुलांना घेऊन बसता येते.