सामग्री की सरंजाम?

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीचे सचिव गणपतीच्या नोटिशीवर अडले होते. "मंडपाची सामग्री लिहू की सरंजाम? नुसतं सामान म्हटलं की घर बदलल्यासारखं वाटतं हो!"

दोन्ही शब्द 'लागणाऱ्या सगळ्या वस्तू' असंच सांगतात, पण मूळ वेगळं. सामग्री संस्कृतातल्या 'समग्र'वरून आली, तर सरंजाम फारसीतून. मराठेशाहीत फौज बाळगण्यासाठी सरदारांना गावांचा महसूल लावून देत, तोही सरंजामच. सरंजामशाही हा शब्द त्यातूनच आला. त्यामुळे या शब्दाला अजून थाटाचा वास आहे. चहाला दोन पाहुणे आले आणि टेबलावर सहा बशा मांडल्या, की "केवढा हा सरंजाम!" असं आपण म्हणतो, आणि त्यात थोडी थट्टा असतेच. सामग्रीत थट्टा जमत नाही. ती कोरडी, हिशेबी. पूजेची, युद्धाची, लेखनाची, कशाचीही सामग्री चालते.

व्याकरणात अडचण नाही: ती सामग्री, तो सरंजाम. मोजायला मात्र दोन्ही निरुपयोगी. 'चार सामग्र्या' कोणी म्हणत नाही. तिथे वस्तू किंवा नग लिहावं.

नोटीस, खर्चाचा तक्ता, कोटेशन यांत सामग्री लिहा. अहवालात, भाषणात किंवा शेजाऱ्याच्या ट्रेकिंगच्या तयारीचं वर्णन करताना सरंजाम. आणि भाडेकरूने मागे ठेवलेल्या वस्तूंबद्दल पत्र लिहायचं असेल, तर दोन्ही सोडून सरळ 'चीजवस्तू' लिहा.

सचिवांनी शेवटी 'साहित्य' लिहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "कवितावाचन किती वाजता आहे?"